बारा ते पाचची शाळा : बडोद्यातल्या एका स्थलांतरित कुटुंबाचे प्रकरण

बडोद्यातल्या एका वस्तीजवळ आम्ही काही जण संध्याकाळी अभ्यासिका चालवतो. तिथे आलेल्या एका मुलीची २०२३ ते २०२५ या काळातली ही हकिगत. नाव, शाळा आणि वस्ती मुद्दाम दिलेली नाही, आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. गुजरातेत मराठी मुलांसाठी काम करणाऱ्यांना, विशेषतः माध्यमाच्या प्रश्नावर अडलेल्यांना, उपयोग व्हावा म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

पार्श्वभूमी

कुटुंब धुळे जिल्ह्यातले, घरात अहिराणी. वडील सेंट्रिंगचे काम करतात. २०२३ च्या दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन ते बडोद्याच्या पश्चिमेला, भायलीकडच्या एका साइटवर आले. सोबत बायको, साडेअकरा वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. मुलगी गावी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत सहावीत होती. पहिले सत्र संपले आणि शाळा सुटली. होळीला परत जायचेच आहे म्हणून दाखला कोणी काढला नाही. होळी आली नि गेली, उचल फिटली नव्हती.

साइटवर आई-वडील दोघेही कामावर, मुलगी पत्र्याच्या खोलीत भावाला धरून. बांधकाम मजुरांसाठी तेव्हा लागू असलेल्या १९९६ च्या कायद्याप्रमाणे पन्नासपेक्षा जास्त महिला मजूर असतील तिथे पाळणाघर द्यावे लागे. इथे बायका मोजून सात-आठ. तेव्हा पाळणाघराचा प्रश्नच आला नाही आणि ते काम मुलीकडे गेले.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण करून पाहिले आणि १९०६ मध्ये साऱ्या राज्याला लागू केले, हे आम्ही बडोदेकर पाहुण्यांना हौसेने सांगतो. त्याच शहराच्या कडेला ही मुलगी सात महिने शाळेत नव्हती, आणि कागदावर मात्र होती. गावच्या शाळेच्या पटावर तिचे नाव चालू होते.

मे २०२४ मध्ये उचल फिटली. कुटुंबाने साइट सोडली आणि विश्वामित्री नदीच्या काठच्या एका वस्तीत भाड्याची खोली घेतली. तिथून कडिया नाका, म्हणजे गवंडी-मजुरांचा नाका, जवळ, रोज सकाळी उभे राहिले की काम मिळते. आईने जवळच्या सोसायट्यांत धुणी-भांडी धरली. त्यांतल्याच एका घरच्या आजींनी तिला आमच्याकडे पाठवले.

अडचण काय होती

आईने पहिल्या दिवशी सांगितले ते एवढेच : "ताई, पोर हुशार शे, पन आते शाळामा तिनं नाव कोन घी?" म्हणजे नाव घालणे हीच तिच्या लेखी अडचण होती. आम्हाला भाषा ही अडचण वाटत होती. शाळेला कागदपत्रे. दोन महिन्यांनी कळले की खरी अडचण आणखी वेगळी होती, पण ते पुढे येईल.

आधी आम्ही मुलीची पातळी पाहिली. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या चाचणीत अक्षरे, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्या असतात, गणितात वजाबाकी आणि भागाकार. मराठी गोष्ट तिने न अडखळता वाचली. हातच्याची वजाबाकी जमली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागताना मात्र ती थांबली आणि मग बराच वेळ बोललीच नाही. गुजराती बोललेले तिला बरेच कळत होते, लिपी अजिबात येत नव्हती.

पहिला निर्णय : सहावी की सातवी

शाळेचे म्हणणे, सहावी अर्धी सुटली आहे तर सहावीतच बसू दे. ऐकायला ते समंजस वाटते. पण मुलीला बारावे सरले होते. शिक्षण हक्क कायद्याचे चौथे कलम सांगते की शाळा अर्धवट सुटलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात घ्यायचे आणि राहिलेले भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचे. हे प्रशिक्षण किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे चालू शकते. व्यवहारात वर्ग मिळतो, प्रशिक्षण क्वचित मिळते, हे आम्हाला ठाऊक होते. म्हणून सातवी मागायची असेल तर भरून काढण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल, हे धरून चाललो.

सातवीच्या बाजूने कायद्याखेरीज दुसरेही कारण होते. खालच्या वर्गात बसलेली थोराड मुलगी घरच्यांच्या नजरेत लवकर 'मोठी' होते, आणि एकदा मोठी झाली की घरकामाला सोबत नेणे सोपे जाते. वस्तीत ही वाट आम्ही पाहिली आहे. सातवी मागितली, मिळाली.

कागदपत्रांत फार वेळ घालवत नाही, पण एक गोष्ट सांगायला हवी. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. हे कलमांसकट सांगितले की मुख्याध्यापक ऐकतात. अडते ते पोर्टलवर. यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदणी-पोर्टलवर मुलीचा कायम क्रमांक जुन्या शाळेत चालू दिसत होता आणि जुनी शाळा तिला 'ड्रॉपबॉक्स'मध्ये, म्हणजे शाळा सोडून गेलेल्यांच्या यादीत, टाकत नाही तोवर नव्या शाळेला ती घेता येत नाही. गावच्या गुरुजींना फोन केला. ते आधी कचरले, पट कमी होतो ना. मग त्यांनीच तालुक्याच्या ऑपरेटरकडे बसून ते करून दिले आणि मुलीशी फोनवर बोलले. त्या फोननंतर मुलगी आमच्याशी थोडी मोकळी झाली.

दुसरा निर्णय : मराठी, गुजराती की परत गावी

समोर चार वाटा होत्या.

पहिली, शहरातली मराठी माध्यमाची समितीची, म्हणजे नगर प्राथमिक शिक्षण समितीची, शाळा. पावणेतीन किलोमीटरवर, सकाळची पाळी. सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरपर्यंतची शाळा जवळचीच मानतात, त्यामुळे वाहनाची सोय मागायला जागा नव्हती. शटल रिक्षाने जायचे.

दुसरी, वस्तीपासून दहा मिनिटांवरची गुजराती शाळा. दुपारची पाळी, बारा ते पाच.

तिसरी, मुलीला गावी आजीकडे ठेवणे. वडिलांचा कल इकडे होता. आजीच्या हाताला आधार, शाळा ओळखीची. पण आजी एकटी, आणि मुलीने आम्हाला नंतर सांगितले की तिथे पाणी भरण्यापासून सगळे तिलाच करावे लागले असते.

चौथी, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयासारखी निवासी शाळा. आई या शब्दालाच दचकली. तो विषय आम्ही ताणला नाही.

आमच्यातले बहुतेक जण पहिल्या वाटेकडे झुकले. मुलगी मराठीत वाचते, सातवीचे विज्ञान नि इतिहास तिला मराठीत कळेल, सात महिन्यांची तूट लवकर भरेल. ही कारणे खरी होती. पण दुसरे एक कारण बैठकीत उघड बोलले गेले नाही, ते इथे लिहितो. बडोद्यात मराठी शाळांचा पट घसरत चालला आहे आणि आम्हा सगळ्यांनाच त्याची चुटपूट लागलेली असते. एक मूल मराठी शाळेत गेले की बरे वाटते. हे बरे वाटणे आपल्यासाठी आहे की मुलासाठी, हा प्रश्न अशा प्रत्येक बैठकीत कोणीतरी विचारायला हवा.

गुजरातीच्या बाजूने आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने मुद्दा मांडला होता. अहिराणी ही गुजरातीला जवळची. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशी, म्हणजे अहिराणी, मराठीच्या खंडात घातली नाही, भिल्ली भाषांसोबत ठेवली. घरी 'शे' नि 'शाळामा' म्हणणाऱ्या मुलीला 'छे' नि 'शाळामां' परके वाटणार नाही, असे बाईंचे म्हणणे. आम्ही ते ऐकून घेतले. शेवटी आई-वडिलांनी मराठी शाळा निवडली, कारण वडिलांच्या चुलतभावाची मुले तिथेच होती. जून २०२४ मध्ये नाव दाखल झाले.

जुलै : हजेरीपत्रकाने काय सांगितले

जुलैच्या शेवटी वर्गशिक्षिकेचा निरोप आला, मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवसच येते. आली की गप्प बसते. तर्क सुरू झाले. अभ्यास झेपत नसेल. मुले चिडवत असतील. चिडवत होतीच. तिचे 'शे' ऐकून वर्ग हसायचा. मराठी शाळेत मराठी मुलीच्या मराठीला हसणे हा प्रकार आम्हाला अपेक्षित नव्हता, पण नवल करण्यासारखाही नाही. शहरी मराठी मुले खानदेशी बोलीला गावंढळ समजायला घरातच शिकतात.

वर्गशिक्षिकेने मात्र एक मोलाचे काम केले. तिने हजेरीपत्रक पुढे ठेवले. मुलगी आलेले दिवस पाहिले तर त्यांत एक ओळ दिसली. अमासला, म्हणजे अमावस्येला, ती हजर. मुसळधार पावसाच्या दिवशी, अर्धा वर्ग रिकामा असताना, ती हजर. अमासला कडियाकाम बंद असते, पावसात स्लॅब भरत नाहीत. म्हणजे वडील ज्या दिवशी घरी, त्या दिवशी मुलगी शाळेत.

आई पावणेसातला घर सोडायची. वडील सातला नाक्यावर. भावाची अंगणवाडी त्यानंतर उघडायची. सकाळी सातच्या शाळेला जाणाऱ्या मुलीने चार वर्षांच्या भावाला कोणाकडे ठेवायचे? हा प्रश्न जूनमध्ये कोणी विचारला नव्हता, कारण माध्यमाची चर्चा इतकी रंगली होती की पाळीच्या वेळेकडे कोणी पाहिले नाही.

तोडगे तीन निघाले. शेजारणीला थोडे पैसे देऊन भावाला तासभर ठेवणे, आईने पहिले घर सोडून उशिरा निघणे, किंवा शाळा बदलणे. शेजारीण तयार झाली. ऑगस्टचे पहिले तीन आठवडे हजेरी सुधारली.

पूर

२६ ऑगस्टला जन्माष्टमी होती. त्या दिवसापासून विश्वामित्री चढली आणि धोक्याची २६ फुटांची पातळी कितीतरी मागे टाकून शहरात घुसली. वस्ती पाण्याखाली गेली. कुटुंब आधी एका शाळेच्या इमारतीत, मग चुलतभावाकडे. दप्तर, वह्या, गावाहून आलेला दाखला, सगळे चिखलात. दाखल्याचा फोटो एका कार्यकर्तीच्या फोनमध्ये होता म्हणून वाचलो. तेव्हापासून अभ्यासिकेत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कागदांचे फोटो आम्ही आई-वडिलांच्याच फोनमध्ये काढून ठेवतो.

पुरानंतर मुले का गळतात याचे उत्तर आपण पुस्तके वाहून जाण्यात शोधतो. पुस्तके आठवड्यात मिळाली, लोकांनी ढिगाने दिली. गळतीचे कारण निराळे. सोसायट्यांच्या तळमजल्यांत गुडघाभर गाळ होता आणि आईला सगळीकडून सफाईची बोलावणी. दुप्पट पैसे मिळत होते, घरातले सामान नव्याने घ्यायचे होते, ती नाही कशी म्हणणार? शेजारीण स्वतःचे घर उपसत होती. मुलगी पुन्हा भावाजवळ. सप्टेंबर बहुतेक असाच गेला.

तिसरा निर्णय : मध्येच शाळा बदलायची का

ऑक्टोबरमध्ये आम्ही पुन्हा बसलो. या वेळी मुलगी आणि आई दोघींना बसवले, वडील अमासला आले. कागदावर तिघांच्या दिवसाचे तास मांडले. आई सकाळी पावणेसात ते साडेअकरा, मग साडेपाच ते आठ. अंगणवाडी सकाळची. दुपारच्या शाळेत मुलगी गेली तर सकाळी भावाला अंगणवाडीत सोडून येईल, आई आली की शाळेला जाईल, पाचला परत येईल. कुठेही फट उरत नव्हती. शाळा बारा ते पाचची हवी, आणि ती गुजरातीच होती.

विरोधातला मुद्दाही दमदार होता. वर्षात तिसरी शाळा, वर नवी लिपी. स्थलांतरित मुलांना सर्वांत जास्त इजा पुन्हा पुन्हा मोडणाऱ्या ओळखींनी होते. आमच्यातले एक सर ठाम होते की शेजारणीची सोय पुन्हा बसवावी आणि मुलीला हलवू नये. चुकीचे ते नव्हते, पण ती सोय एका बाईच्या सवडीवर टांगलेली होती.

मुलीला विचारले. ती म्हणाली, "त्या शाळेत कोणी हसणार नाही. तिथे सगळेच बाहेरचे आहेत." खरेच होते. वस्तीजवळच्या त्या गुजराती शाळेत दाहोदची, उत्तर प्रदेशची, ओडिशाची मुले होती. धड गुजराती कोणाचीच नव्हती.

दिवाळीच्या २१ दिवसांच्या सुट्टीनंतर दुसऱ्या सत्राला बदल करायचे ठरले. सुट्टी लिपीसाठी वापरायची.

काय केले

लिपीची सुरुवात शून्यातून करावी लागली नाही. गुजरातच्या २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी सर्व माध्यमांत गुजराती विषय सक्तीचा आहे, त्यामुळे मराठी शाळेत चार महिने, तुटक का होईना, तिने अक्षरे गिरवली होती. बाईंनी अक्षरांच्या दोन याद्या केल्या. शिरोरेषा काढली की ओळखू येणारी ग, घ, ट, ठ, न, प, म, व, स. आणि मुद्दाम शिकावी लागणारी अ, इ, क, ख, च, ज, झ, फ, ब, भ, ळ. अंकांत पाच नीट पाहावा लागतो, तो देवनागरी 'प'सारखा दिसतो आणि गणिताच्या वहीत गोंधळ घालतो. दुकानांच्या पाट्या, बसवरची नावे, वाण्याची पुडी, जे दिसेल ते वाचायचे. सुट्टी संपेपर्यंत ती हळूहळू ओळ वाचू लागली.

भागाकार मात्र पाठ्यपुस्तकाने सुटला नाही. तो सुटला आईच्या खाड्यांनी. चार घरांचे पगार वेगळे, प्रत्येक घर खाडा कापायचे आणि हिशेब बाईसाहेबांच्या तोंडी. मुलगी तो लिहू लागली : महिन्याचे १५०० असतील तर दिवसाचे किती, तीन खाडे झाले तर हातात किती यावे. एका घराने जास्त कापल्याचे तिने दाखवून दिले आणि आईने ते पैसे मागून घेतले. त्या दिवसापासून अभ्यासिकेला उशीर झाला तर आई तिला स्वतः हाकलू लागली. मुलीकडे आधीपासून बरेच काही होते. लहान भावाला सांभाळणे, बाजार करणे, पैसे राखणे. शाळेत यातल्या कशालाच गुण नसतात, म्हणून ते आपल्याही नजरेतून सुटते.

विज्ञान आणि समाजशास्त्राचे धडे आम्ही आधी मराठीत सांगायचो, मग ती गुजराती पुस्तकातला तोच धडा वाचायची. नव्या शाळेच्या शिक्षिकेने, म्हणजे बेननी, त्या सत्रापुरती मराठीत उत्तरे लिहायची मुभा दिली. नियमात ते कुठे बसते कोण जाणे, पण वर्गात ते चालले.

घरखर्चाकडेही पाहावे लागले. रेशनकार्ड गावचे, धान्य आजी उचलायची. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात रेशन कुठूनही उचलण्याची सोय २०१९ पासून आहे, आणि कार्डावरच्या धान्यातला काही भाग इथे, काही तिथे घेता येतो. ते जमवले. जातीच्या दाखल्यावरची शिष्यवृत्ती मात्र मिळाली नाही. महाराष्ट्राचा दाखला गुजरातच्या राज्य-सवलतींना चालत नाही, आणि त्यामागे फिरण्यात अर्थ नव्हता.

परिणाम

दुसऱ्या सत्रात हजेरी नियमित झाली. सोमवार अधूनमधून बुडतो, रविवारच्या धुण्याचा ढीग मोठा असतो. एप्रिल २०२५ मध्ये ती सातवी पास झाली. गणितात वर्गाच्या पुढे, गुजराती लेखनात बरीच मागे. जोडाक्षरे अजून चुकतात. मराठी वाचन सुटू नये म्हणून ती अभ्यासिकेतून दर आठवड्याला एक पुस्तक नेते, कधी वाचून आणते, कधी तसेच.

जूनमध्ये भाऊ त्याच शाळेच्या बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, गेला. त्याच सुमारास वडिलांना सुरतेकडच्या मोठ्या कामाची उचल देऊ केली गेली. ते गेले, आई आणि मुले इथेच राहिली. चार घरे आणि एक शाळा सोडून आता हलायचे नाही, असे आईने सांगितले. वडील नसल्याचा ताण घरात आहे, तो आम्ही कमी लेखत नाही.

वेगळे काय करता आले असते

घराचे तास जूनमध्येच मांडायला हवे होते, असे सहज म्हणता येते. पण मला वाटते, तेव्हा मांडले असते तरी आई-वडील चुलतभावाच्या मुलांसोबतच गेले असते. नात्याचा भरवसा घड्याळापेक्षा जड असतो. एवढे मात्र झाले असते की जुलैचे तर्कवितर्क वाचले असते आणि शेजारणीची व्यवस्था पहिल्या आठवड्यातच लागली असती.

मराठी शाळेला दुपारची पाळी असती तर? या प्रश्नावर आमच्यात अजून मतभेद आहेत. सर म्हणतात, मराठी शाळा वाचवायच्या तर पोस्टर आणि मेळाव्यांपेक्षा पाळीची वेळ नि रिक्षाचे भाडे यांवर बोला. मी त्यांच्या बाजूने आहे. बाईंचे मत, अहिराणी घरातल्या मुलांना गुजरातीच सोयीची. एका मुलीवरून तसे म्हणणे मला धाडसाचे वाटते. नंदुरबारकडची भिलोरी बोलणारी दोन भावंडे सध्या आमच्याकडे येतात, त्यांना लिपी अजून जड जाते.

साइटवरचे सात महिने हा खरा मोठा तोटा. तिथे पोचायचे तर मुकादमाशी बोलावे लागते, आणि मुकादमाला मुलांची मोजदाद नको असते. गावच्या शाळेने नोव्हेंबरमध्येच फोन केला असता, किंवा कुटुंब निघताना दाखला हातात दिला असता, तर इथे नाव लवकर लागले असते. दिवाळीनंतर ज्यांचे बाक रिकामे राहतात त्या मुलांच्या घरचा फोन-क्रमांक घेऊन ठेवणे एवढे तरी धुळे-नंदुरबारच्या शाळांना जमण्यासारखे आहे.

आता मुलगी आठवीत आहे आणि केंद्राच्या एन.एम.एम.एस. या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि परीक्षेला बसायला लागणारे सातवीतले ५५ टक्के गुण तिच्याकडे आहेत. निवड झाली नाही तरी गुजरातच्या २०२४ पासूनच्या नमो लक्ष्मी योजनेत मुलींना नववी ते बारावी मिळून ५०,००० रुपये मिळतात, त्याला हजेरीची अट आहे. नववीसाठी जवळची अनुदानित शाळा सकाळच्या पाळीची आहे. तोवर भाऊ पहिलीत, दुपारच्या पाळीत असेल. आईने एका घराला आतापासूनच सांगून ठेवले आहे की पुढच्या जूनपासून ती आठच्या आधी येणार नाही. त्या घरच्यांनी अजून होकार दिलेला नाही.